नोरीनच्या मागे चालत गेलेली विहीर

फार फार वर्षांपूर्वी, ड्रमकोरात ना नळ होता ना हापसा, तेव्हाची ही गोष्ट. आयर्लंडमधलं हे बाजाराचं गाव. एक चर्च, एक पूल, गुरांच्या बाजाराचं मैदान आणि मैदानाच्या टोकाला पवित्र विहीर. गोडं पाणी तेवढंच. गावात नोरीन हेगार्टी मोडलेली हाडं बसवायची. तिनं हात लावला की लंगडत आलेला माणूस नाचत घरी जायचा, असं म्हणतात.

त्या विहिरीला सूर्य फिरतो त्या दिशेनं फेरे घातले की आशीर्वाद मिळे, उलटे घातले की शाप लागे. पण राग खोटा असेल तर शाप घालणाऱ्याच्याच डोक्यावर बसे. म्हणून उलटं फिरायची कोणाची छाती होत नसे.

मग जमीनदार कॅप्टन हार्विलच्या मनात आलं, की आपल्या शिकारी कुत्र्यांच्या अंघोळीला हीच विहीर बरी. त्यानं भोवती भिंत घातली, फाटकाला कुलूप ठोकलं. देवाच्या विहिरीत कुत्री! आणि गाव? गाव मूग गिळून बसलं. फादर म्हणाले, सबुरी धरा. दुकानदार म्हणाले, कॅप्टनसाहेब आपले गिऱ्हाईक आहेत. जळ्ळं ते गिऱ्हाईक!

त्याच कोरड्या उन्हाळ्यात नोरीनचा धाकटा भाऊ फिंटन तापानं फणफणला. नदीचं गढूळ पाणी त्याच्या पोटात ठरेना. नोरीन बादली घेऊन फाटकाशी गेली. आत कुत्र्यांना चोळून चोळून अंघोळ चालली होती.

"साहेब, बादलीभर पाणी द्या. भाऊ मरतोय माझा."

"कुत्र्यांचं आटोपू दे, बाई. मग बघू."

ती थांबली. गरिबाला थांबायची सवयच लावलेली असते. बादली घेऊन ती घरी पोचली तेव्हा फिंटन गेला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर बाजाराच्या दिवशी ती त्या भिंतीला उलटे फेरे घालू लागली.

"अगं नोरीन, शाप तुझ्यावरच उलटेल!" बायका ओरडल्या.

"उलटू दे. माझं काय उरलंय?"

पण तिनं कॅप्टनला शाप दिलाच नाही. ती विहिरीवरच कडाडली, "लाज नाही वाटत तुला? माझा भाऊ तहानेनं मेला आणि तू कुत्री धूत बसलीस! ऊठ. चल माझ्याबरोबर."

आणि विहीर उठली, असं म्हणतात. भिंतीखालून पाणी निघालं आणि ओरडा खाल्लेल्या पोरासारखं निमूट तिच्या टाचांमागून चालू लागलं. पुलावरून, चर्चवरून, थेट बाजारचौकात. ती थांबली तिथं ते जमिनीत उतरलं. कॅप्टनकडे चिखल उरला. लोक बादल्या घेऊन धावले, तशी नोरीन त्यांच्यावरही डाफरली, "आता बरे पाय फुटले तुम्हाला!" त्या पाण्याचा घोट तिनं मरेपर्यंत घेतला नाही.

आज चौकात त्या विहिरीवर पंप आहे. शेजारी वाचनालय आहे, बसायला बाकं आहेत आणि कॅप्टनच्या हवेलीचं मोठं हॉटेल झालंय. दर वर्षी फिंटनच्या मृत्युदिनी गावातली सगळ्यात म्हातारी बाई नोरीनच्या नावानं बादली भरते. गाव तिच्यामागून हॉटेलपर्यंत जातं. प्रार्थना कोणी म्हणत नाही. म्हातारी ती बादली हॉटेलच्या पायरीवर ओतते.

मॅनेजर नवा असला की हमखास विचारतो, "आजी, किती वर्षं चालायचं हे?"

"पायरी वाळेपर्यंत," म्हातारी म्हणते आणि दुसरी बादली मागवते.