तारेखालचा दोरा

मंडळी, तुम्हीच सांगा, भरवसा कुणावर ठेवायचा? रिपोर्टवर, की कण्हणाऱ्या माणसावर?

मिरजेच्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टर सुयोग किणीकरनं रिपोर्ट निवडला होता. खाटेवर होते अमीनचाचा, तंबोरे बनवणारे. स्वादुपिंडाला जुनी सूज. पोटातली कळ पाठीत जायची. आठ महिने हातात हत्यार धरवत नव्हतं.

"मॅडम, यांना घरी सोडतो," सुयोग आपल्या गुरू डॉ. खाडिलकरबाईंना म्हणाला. "सूज वाढलेली नाही. रोज दहापैकी दहा दुखतं म्हणतात. काल औषध म्हणून नुसतं पाणी टोचलं, तर म्हणे सातवर आलं. नाटक आहे."

चाचा भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

रिपोर्ट म्हणजे तराजू, मंडळी. पारड्यात घातलंच नाही, ते तो काय तोलणार?

बाईंनी स्टूल ओढलं. "चाचा, तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा घालता, तो केवढा?"

चाचांनी चादरीचा एक धागा उपसून दाखवला. "एवढासा. नीट बसला की तार छेडून सोडली तरी बोलत राहते."

"दारातून बघितलं तर दिसतो?"

"दिसेल कसा, बाईसाहेब?"

बाईंनी तो धागा सुयोगच्या तळहातावर ठेवला.

सुयोगनं तो चिमटीत धरून बघितला.

"सुजलेल्या स्वादुपिंडात एक प्रथिन वाढतं," बाई म्हणाल्या. "नसा त्यावर पोसतात. जाड होतात, हळव्या होतात. सूज आहे तेवढीच राहिली, तरी त्या बोलत राहतात. स्कॅनला ते दिसत नाही."

"मग पाण्यानं कसं बरं वाटलं?"

"बरं वाटलं म्हणजे दुखत नव्हतं, हे कुठं वाचलंस?"

"...ते प्रथिन अडवायचं औषध?"

"शोधताहेत. तोवर नसा शांत करणारी गोळी आहे. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना लागू पडते."

सुयोगनं घरी सोडायचा कागद फाडला. गोळी सुरू झाली.

आठवड्यानं चाचा खाटेवर मांडी घालून, बशीतून चहा पीत होते.

"किती दुखतंय, चाचा?" सुयोगनं विचारलं.

"दहा."

"दहा दुखत असताना फुंकर मारून चहा?"

चाचा ओशाळले. "कमी सांगितलं की घालवता तुम्ही. सात म्हणालो, तर घरचा रस्ता दाखवत होतात..."

सुयोगची मान खाली गेली.

बाई दोघांकडे बघून म्हणाल्या, "चाचा, खरा आकडा सांगा. सुयोग, ते सांगतील तोच लिही."