गाळलेलं नाव

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा ग्रंथ ताडपत्रावर लिहीत, आणि राजाच्या ग्रंथशाळेने मान्य केल्याशिवाय कोणत्याही ग्रंथाला कुणी विचारत नसे.

त्या ग्रंथशाळेचा एक कडक नियम होता. दुसऱ्याचं ज्ञान घेतलं, की ग्रंथाच्या शेवटी त्याचा आधार द्यायचा. आधी नाव, मग गाव, मग ग्रंथ, मग पान. हा क्रम चुकला तरी ग्रंथ घरी परत. गुरूच्या तोंडून ऐकलेलं असेल, तर गुरूचं नाव लिहून पुढे फक्त ‘श्रवण’ असं लिहायचं. भलेभले पंडित ग्रंथ लिहिताना थकत नसत, पण आधाराची पानं लिहिताना रडकुंडीला येत.

त्या राज्यात एका नदीच्या दोन काठांवर दोन वैद्य राहत. दोघे एकाच गुरूचे शिष्य. अलीकडचा वैद्य मोठा काटेकोर. त्याची औषधं ओळीत मांडलेली, अक्षर रेखीव, आणि आधाराची पानं तर अशी की ग्रंथशाळेत नवख्यांना ती दाखवायला ठेवत. पलीकडचा वैद्य अघळपघळ. धोतरावर काढ्याचे डाग, आणि गप्पा मारायला बसला की चुलीवरचं विसरायचा. पण नवीन काही सुचायचं ते नेमकं त्यालाच.

हेच अलीकडच्याच्या डोळ्यांत खुपे. सकाळी त्याच्या दारावरून रोगी पुढे जात आणि पलीकडे जायला नावेत बसत, तेव्हा त्याला घास गोड लागत नसे. गुरूही हयात असताना आधी हाक मारत ती त्या दुसऱ्यालाच. मत्सर मोठा चिवट असतो, मंडळी. गुरू गेले, केस पिकले, तरी तो तसाच राहिला.

एकदा पलीकडच्याने एक शोध लावला. रानातल्या एका कडू वेलीच्या मुळीचा काढा दिला की हिवताप उतरतो. त्याने त्यावर छोटीशी पोथी लिहिली, ग्रंथशाळेत दिली, आणि एक प्रत आनंदाने गुरुबंधूलाही नेऊन दिली. अलीकडच्याने तोंडदेखलं कौतुक केलं आणि पाठ वळताच पोथी फळीवर फेकली. मग हळूच काढून वाचली. मग काढा करून पाहिला. गुण आला, तेव्हा त्याचा जळफळाट दुप्पट झाला.

पुढे त्याने तापांवर मोठा ग्रंथ लिहायला घेतला. हा ग्रंथ मान्य झाला की आपलं नाव सगळ्या राज्यात होईल, या एका आशेवर तो जगत होता. आधाराची पानं लिहिताना त्याने दूरदेशीच्या वैद्यांची नावं लिहिली, मेलेल्यांची लिहिली, ज्यांच्याशी भांडण होतं त्यांचीही लिहिली. कडू वेलीपाशी आला आणि हात थांबला.

बायको जवळच पानं ओळीने लावत होती. ती म्हणाली, “अहो, लिहा की भावोजींचं नाव. एका ओळीने तुमचं काय कमी होतंय?”

“माझ्या ग्रंथात त्याचं नाव? मग लोक म्हणतील, चांगलं तेवढं त्याचं आणि उरलेलं याचं.”

त्याने तिथे गुरूचं नाव लिहिलं आणि पुढे ‘श्रवण’. गुरू काही सांगायला परत येणार नव्हते.

ग्रंथशाळेच्या वृद्ध ग्रंथपालाने ग्रंथ तपासला. एक टिंबही चुकलेलं नव्हतं. त्या ओळीवर मात्र तो जरा अडखळला. हीच मुळी पलीकडच्या वैद्यांच्या पोथीतही वाचल्याचं आठवतं, असं तो म्हणाला. वैद्याने शांतपणे सांगितलं की आम्ही दोघांनी ती गुरूंकडूनच ऐकली. क्रम बरोबर होता, नियम पाळला होता. ग्रंथ मान्य झाला.

पलीकडच्याने तो ग्रंथ वाचला आणि नुसता हसला. गुरुजींचं नाव झालं, चांगलंच झालं, असं तो लोकांना सांगे. हे कानावर आलं तेव्हा अलीकडच्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण एवढा घाव घातला आणि या माणसाला साधं दुखलंसुद्धा नाही.

वेलीला फुलं आली, तेव्हा पलीकडच्याच्या शेळ्यांनी त्या वेली मुळासकट उपटून खाल्ल्या आणि त्या कुंपणाला धडकत फिरू लागल्या. त्याने नीट पारखून पाहिलं. वेल फुलावर असताना मुळी काढली, तर ती दृष्टी नेते. त्याच पावली तो ग्रंथशाळेत गेला आणि आपली चूक त्याने आपल्याच तोंडाने सांगितली.

आता त्या कडक नियमाचं खरं कारण ऐका. तो नियम काही कुणाला नुसता मान देण्यासाठी केलेला नव्हता. कुणी आपली चूक कळवली, की ग्रंथपाल सगळी आधाराची पानं काढी. ज्याच्या ज्याच्या ग्रंथात त्या माणसाचं नाव असेल, त्याच्या घरी सांडणीस्वार जाई आणि दुरुस्तीचं पान देऊन येई.

सांडणीस्वार अलीकडच्या गावातही आला. त्या गावातल्या दोघातिघा लहान वैद्यांच्या ग्रंथांत पलीकडच्याचं नाव होतं. आपला वैद्य ओसरीवरच बसला होता. पलीकडच्या वैद्यांचं पान आलंय, असं लोक बोलताना त्याने ऐकलं. आणखी एक कौतुक आलं असणार, असं समजून तो उठला आणि त्याने दार लावून घेतलं.

थोड्याच दिवसांत गावात हिवतापाची साथ शिरली. पहिला आडवा झाला तो वैद्यच. रानात वेली फुलांनी लगडल्या होत्या. त्याने ताजी मुळी मागवली आणि काढा घेतला. ताप उतरला. पण सकाळी उठला तर अंगण दिसेना. बायको समोर उभी होती, तीही नुसती सावली दिसली.

ओसरीवर रोगी येऊन बसले होते आणि चुलीवर त्यांच्यासाठी तोच काढा उकळत होता. बायकोने कुणालाही विचारलं नाही. ती नाव करून पलीकडे गेली आणि भावोजींना घेऊन आली. त्याने आत येताच आधी काढ्याचं भांडं ओतून दिलं. मग तो गुरुबंधूजवळ बसला आणि त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या. मग त्याने फुलांची गोष्ट सांगितली.

“सगळ्यांना कळवलंस, मग मलाच का नाही?” अलीकडच्याने विचारलं.

“अरे, निरोप नावावरून निघतो. तुझ्या ग्रंथात गुरुजींचं नाव होतं, म्हणून मला वाटलं तू खरंच त्यांच्याकडून ऐकलं असशील, मुळी कधी काढायची तो काळही त्यांनी सांगितला असेल. आणि गेलेला माणूस आपली चूक कशी सुधारणार?”

अलीकडच्याला रडू फुटलं. आयुष्यभर ज्याचा हेवा केला, त्याचाच हात धरून तो रडला. रडणं थांबल्यावर त्याने बायकोला आपला ग्रंथ आणायला सांगितला. लेखणी हातात घेतली, पण पान दिसेना. मग लेखणी त्याने पलीकडच्याच्या हातात दिली.

“गुरुजींचं नाव खोड. तूच लिही. तुझं.”

पलीकडचा संकोचला आणि भलत्याच ठिकाणाहून सुरुवात करू लागला. अलीकडचा म्हणाला, “नाही, आधी नाव.” आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याने ते नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारलं.

ओसरीवरचे रोगी वाचले. वैद्याची दृष्टी मात्र परत आली नाही.

तात्पर्य : ज्याच्याकडून ज्ञान घेतलं त्याचं नाव मत्सराने गाळू नये, कारण त्या नावासोबत आपल्याला सावध करणारा आवाजही गाळला जातो.