हिरव्या पदराचा दिवा

केवड्याचं बन जिथे समुद्राच्या कुशीत शिरतं, तिथल्या चिमुकल्या किनाऱ्यावर एके सकाळी लाटांनी एक मुलगी आणून ठेवली. तिचं नाव आवडी. वय आठ. तिचं गलबत काळ्या खडकावर आपटून फुटलं होतं. आईने आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून तिला नारळांच्या मोटेला करकचून बांधलं होतं. नारळ तरंगले, आवडी तरंगली. आई मात्र दिसेनाशी झाली.

मासळी विकणाऱ्या कावेरीकाकूने तिला गरम पेज पाजली. "माझ्या घरी गळकं छप्पर नि सुकटीचा वास, एवढंच आहे गो बाय. चालेल?"

"चालेल. पण हा पदर मी कुणाला देणार नाही."

एका संध्याकाळी बनात बारीकसं रडू ऐकू आलं. केवड्याच्या काटेरी पातीत अंगठ्याएवढी परी अडकली होती. तिचे पंख शिंपल्याच्या पोटासारखे गुलाबी, निळे, चंदेरी लुकलुकत होते. आवडीची बोटं ओरबाडली, पण तिने परीला अलगद सोडवलं.

"माग काहीतरी," परी म्हणाली. "मात्र ते तुझ्या ओंजळीत मावायला हवं."

"माझी आई दे."

"आई ओंजळीत मावत नाही गं, सोनुले."

आवडीने डोळे पुसले. समोर काळा खडक अंधारात बुडत होता. "मग वाऱ्याने न विझणारा दिवा दे. त्या खडकावर ठेवीन. आणखी कुणाची आई हरवायला नको."

परीने इवलासा सोनेरी दिवा तिच्या ओंजळीत ठेवला. "याचं तेल सरणार नाही. वात मात्र तुझ्या सगळ्यात लाडक्या वस्तूची हवी."

आवडीने पदर छातीशी घट्ट धरला. तेवढ्यात एक शीड खडकाच्या रोखाने येताना दिसलं. तिने डोळे मिटले आणि पदरातला एक धागा ओढला. ज्योत उजळली, शीड वळलं!

मग रोज ओहोटीला खडकावर जायचं, रोज एक धागा. अशी बारा वर्षं गेली. "लग्नाची झालीस, तरी त्या दिव्याचंच वेड!" काकू लटकं रागवायची आणि पोरीच्या हातावर गरम भाकरी ठेवायची.

एके दिवशी शेवटचा धागा पेटला. त्याच उजेडात एक गलबत सुखरूप किनाऱ्याला लागलं आणि त्यातून एक म्हातारी उतरली. तिच्या हिरव्या लुगड्याला पदर नव्हता.

"आई!"

"आवडे! अगं, मला दुसऱ्या एका गलबताने वाचवलं. तेव्हापासून तुझ्यासाठी सगळी बंदरं पालथी घातली. फक्त इथेच खडकाला भिऊन कुणी तांडेल गलबत आणायचा नाही. परवा कानावर आलं, आता म्हणे इथे दिवा लागतो!"

दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. मग आवडीला एकदम दिवा आठवला. "आई, पदर संपला गं. उद्या वात कशाची करू?"

"अगं वेडे, माझं अख्खं लुगडं आहे की!"

ज्योतीजवळ कुणीतरी खुदकन हसलं. गुलाबी, निळे, चंदेरी पंख एकदाच लखलखले, परी उजेडात विरघळली, आणि खडकावर केवड्याचा घमघमाट सुटला.