मिरगाआधीचे रोगण

दुर्लभनाथ महाराज त्या वर्षी चैत्रापासून आंबेखोलास होते. गाव कोकणातले, खाडीच्या काठचे. सातेरी देवीच्या देवळाबाहेर उंडीचे जुने झाड होते, त्याच्या पारावर महाराजांचे आसन असे. कुणी दूध आणले तर ते घेत, न आणले तर पाणी पिऊन नाम घेत. गावातले शहाणे त्यांना हसत. शहाण्यांचे ते कामच असते!

समोर खाडीत एक जुवे, म्हणजे बेट होते. सात घरे आणि बाकी सगळे माड. ओहोटीला कंबरभर पाण्यातून चालत जाता येई, पण पावसाळ्यात वरून नदीचा लोंढा आला की वाट बंद. फटू कोचरेकर हा त्या जुव्यावरचा, माडावर चढून नारळ पाडणारा. मागच्या आषाढात त्याची बायको शेवंती तापाने फणफणली. फटू काठावर उभा राहून हाका मारत होता. पलीकडे विश्राम तांडेल, गावातल्या चारही होड्यांचा मालक, छत्री घेऊन उभा होता. "नारळी पुनवेआधी होडी पाण्यात घालूची नाय, वाडवडलांचो नेम आसा!" असे ओरडून तो घरी गेला. तिसऱ्या दिवशी शेवंती गेली.

फटू महाराजांकडे आला तो हे दुःख घेऊनच. पण रडायला आला नव्हता. म्हणाला, "महाराजांनू, मिरगाआधी जुव्याची स्वतःची होडी पाण्यात पडतली. दुसऱ्या कोणाची बाईल अशी जाव देवचंय नाय."

महाराज म्हणाले, "बोललास ना? मग देवाला मध्ये घालू नकोस. तासणी उचल."

मंडळी, ज्याने उभ्या जन्मात पाटसुद्धा केला नव्हता, त्या फटूने देवळासमोरच्या खाडीकाठावर फणसाच्या फळ्यांची होडी बांधली! दोन महिने लागले. बोटे सोलली, एक नख गेले. विश्राम रोज येई आणि म्हणे, "फटू, ह्येच्यात भात शिजवतलंस की कोंबडी निजवतलंस?" फटू मान वर करीत नसे.

शेवटी राहिले रोगण. उंडीच्या तेलात राळ उकळून फटूने मधासारखे दाट रोगण केले. होडी पालथी घातली, स्वच्छ धुतली आणि पहिला लेप दिला. एक दिवस गेला, दोन गेले, रोगण सुकेना. विश्रामने बोट टेकले, ते चिकटले. वास घेऊन तो खो खो हसला.

"धुतलंस कसल्या पाण्यान रे?"

"खाडीच्या."

"खाऱ्या पाण्यान! अरे, मीठ भिनला लाकडात. आता ह्या दिवाळीपर्यंत सुकूचा नाय!"

खाडीत वाढलेल्या माणसाला धुवायचे म्हणजे खाडीचेच पाणी सुचणार. फटू मटकन खाली बसला. मिरगाला पाचच दिवस उरले होते. महाराज पारावरून उतरले, वाळूतला एक मोठा शिंपला उचलला आणि होडीवरचे चिकट रोगण खरवडू लागले.

"महाराजांनू, तुम्ही कित्याक?"

"मग काय दोघांनी मिळून रडायचे? दुसरा शिंपला घे. चुकले ते खरवडायचे, आणि पुन्हा द्यायचे."

दोन दिवस गुरुशिष्य खरवडत होते. मग देवळाच्या विहिरीतून गोड्या पाण्याच्या घागरी आणून होडी सात वेळा धुतली. उरले तीन दिवस आणि द्यायचे लेपही तीन. पण आभाळ भरून आले. हवा अशी दमट, की बायकांनी वाळत घातलेली सुकटसुद्धा ओलीच राहिली. फटूने तरी पहिला लेप दिला. महाराज वाकले, पालथ्या होडीखाली शिरले आणि वाळूत आडवे झाले.

थोड्या वेळाने फटूने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. अंग तव्यासारखे तापले होते! "महाराजांनू, तुमका ताप इलो. देवळात चला."

"ताप मला नाही, होडीला हवा आहे. तू तुझे काम कर."

तीन दिवस महाराज तिथून हलले नाहीत. होडीच्या फळ्या आतून गरम लागत. रोज एक लेप दिला जाई आणि रोज तो कोरडा होई. मिरगाच्या सकाळी फटूने होडीवरून तळहात फिरवला. रोगण कोरडे, घट्ट आणि गुळगुळीत! तो महाराजांच्या पायांशी कोसळला. महाराज एवढेच म्हणाले, "आता ती पाण्यात घाल."

त्याच दिवशी दुपारी पाऊस कोसळू लागला. विश्रामच्या चारही होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. त्या शाकारायला झावळ्या हव्या म्हणून त्याचा थोरला मुलगा गंगाराम सकाळच्या ओहोटीला जुव्यावर गेला होता. झावळ्यांच्या ढिगात फुरसे होते, ते त्याला डसले. जुव्यावरून लोक ओरडत होते. वैद्य अलीकडे, मुलगा पलीकडे आणि मधून लाल पाणी धावत होते. विश्रामची एक होडी ओढून पाण्यात घालायला दहा माणसे आणि अर्धा दिवस हवा.

विश्राम धावत देवळासमोरच्या काठावर आला. समोर फटू होडीत वल्हे घेऊन बसला होता. विश्राम पाण्याच्या कडेला थबकला. कोणत्या तोंडाने मागणार?

फटूच म्हणाला, "बघत काय रवलास? होडी लोट, तांडेला!"

फटू एकटाच गेला. लोंढ्याने होडी दोनदा आडवी केली, पण थेंबभर पाणी आत झिरपले नाही. गंगारामला घेऊन तो परतला. वैद्यांनी उपचार केले, आणि संध्याकाळी गंगारामने डोळे उघडून पाणी मागितले.

तेव्हा विश्राम महाराजांच्या पायांवर पडायला गेला. महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "इथे नको. ज्याने आज हाक ऐकली, त्याच्यापुढे वाक."

विश्राम वळला. पावसात होडी बांधत उभ्या असलेल्या फटूच्या चिखलाने भरलेल्या पायांवर त्याने डोके ठेवले.

"फटू, तेव्हा माका तुझी हाक ऐकाक इली होती रे. शेवंतीक मीच मारलंय."

 फटू खाली बसला, विश्रामचा हात घट्ट धरला, आणि वर्षभर आवरलेले रडे त्याने तिथेच मोकळे केले.