नळीवरचा तळहात

"उस्ताद, एकच गोष्ट माणसानं सांगायची तरी किती वेळा?"

उदाजीराव इंगवल्यांनी रायफल ओट्यावर टेकवली आणि ते मागं वळले. सराव अर्धाच झाला होता, डोकं मात्र पुरतं तापलं होतं.

मागं पत्र्याच्या सावलीत उस्ताद दस्तगीर शिकलगार खुर्चीवर बसले होते. फौजेतून सुभेदार होऊन परतल्यावर त्यांनीच या माळावर रायफल क्लब उभा केला. इथं जो कुणी नेम धरायला शिकला, तो त्यांच्याच हाताखाली. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरच्या मातीच्या बांधावर लावलेला कागद त्यांना दिसत नसे.

"काय झालं, उदाजी?"

"या कोष्टीबाई. आल्यापासनं एकच. 'काका, रिकामी आहे ना?' रायफल उचलली की रिकामी आहे ना, खाली ठेवली की रिकामी आहे ना. अहो, बंदूक आहे ही, पाण्याची घागर न्हवं!"

बाकावरची मंडळी खळखळून हसली. क्लबातले जुने लोक या बाकावर बसत. कागदावर नेम लागो न लागो, नव्या माणसांवर त्यांचा नेम सहसा चुकत नसे.

"आमच्या वेळी तोंड उघडायची टाप होती का कुणाची?" भाऊसाहेब आरगे म्हणाले. "नुसती नळी पुसण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. मग कुठं काडतूस बघायला मिळालं. आता मोबाइलवर सगळं बघून येतात आणि वर आपल्यालाच विचारतात, पहिली रायफल कोणती घेऊ. एकाला सांगून झालं की दुसरा हजर. त्याचंही तेच."

"काळच तसला आलाय," उदाजीराव म्हणाले.

पल्लवी कोष्टी खांबाशी उभी होती. गावातल्या पतसंस्थेत काम करणारी, तिशीतली, क्लबात नुकतीच आलेली. लोक हसले तशी ती अंग चोरून उभी राहिली, पण निघून गेली नाही.

"मला भीती वाटते, म्हणून विचारते," ती म्हणाली.

"भीती वाटते तर घरी बसावं!"

बाकावर पुन्हा हसू. उदाजीरावांना तेवढ्यानं जोर चढला.

"उस्ताद, आज स्पष्टच बोलतो. नव्या लोकांना तू शिकव, असं तुम्ही मला कधीपासून म्हणताय. मी शिकवणार न्हाई. आणि एकदा सांगून ज्याला समजत न्हाई, त्याला क्लबात ठेवू नये. आजच काय ते ठरवा."

पल्लवीनं उस्तादांकडं पाहिलं. तिचं या माळावरचं येणं आता त्या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर होतं.



"ठरवू," उस्ताद म्हणाले. "आधी तिला उत्तर दे."

"पुन्हा?"

"पुन्हा."

उदाजीराव दातओठ खात ओट्याकडं वळले. खाडकन बोल्ट मागं ओढला. मघाशी झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर उडाली.

"बघा, बाई. डोळे भरून बघा. हाय का आत काय?"

पल्लवीनं वाकून पाहिलं. नळीत खरोखरच काही नव्हतं.

उदाजीरावांनी त्याच तिरीमिरीत बोल्ट पुढं ढकलून बंद केला. मग खालचं काडतुसांचं मॅगझिन काढलं आणि खिशात टाकलं.

"पण काका, आधी..."

"झालं हिचं सुरू!"

ती मागं खांबाशी गेली.

या क्लबात पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट उघडायचा. उलटं केलं, तर बंद होताना बोल्ट मॅगझिनमधलं वरचं काडतूस सोबत घेतो आणि नळीत सारतो. मग मॅगझिन खिशात घाला नाहीतर विहिरीत टाका, काडतूस नळीतच राहतं. नवखा माणूस ही चूक सहसा करत नाही. तो भीतभीत, एकेक गोष्ट आठवत करतो. ही चूक जाणत्यांची, आणि तीही रागात असलेल्या जाणत्यांची.

बाकावर कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. उदाजीरावांच्या हातांकडं लक्ष द्यायचं असतं, हेच ती मंडळी विसरली होती.

उस्ताद खुर्चीतून उठले.

"रिकामी?"

"रिकामी."

हातानं ओट्याची कड चाचपत ते पुढं निघाले. ओट्यापुढं चुन्याची पांढरी रेघ होती. ओट्यावर बंदूक असताना ती रेघ कुणीही ओलांडायची नाही, हा नियम खुद्द उस्तादांचा. एकदा वाऱ्यानं उडालेली टोपी आणायला एक माणूस रेघेपलीकडं गेला, तेव्हा त्यांनी त्याला कायमचा घरी पाठवला होता.

उस्तादांनी रेघ ओलांडली.

भाऊसाहेब अर्धवट उठले. "उस्ताद, अहो... कुठं चाललात?"

उस्ताद रायफलीसमोर येऊन उभे राहिले. चाचपडत त्यांनी नळीचं टोक शोधलं आणि त्यावर आपला उजवा तळहात ठेवला. हाताच्या मागं त्यांची छाती होती.

"चाप ओढ," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"उस्ताद, भलतंच काय? रिकामी बंदूकसुद्धा माणसावर धरायची न्हाई. तुम्हीच शिकवलंय."

"तो नियम बंदुकीचा. मी तुझा शब्द बघतोय. तुझी खात्री आहे ना?"

"हाय. शंभर टक्के हाय."

"मग ओढ."

वारा पडला होता. बांधावरचा कागदही हलत नव्हता. पल्लवीनं खांब घट्ट धरला. काय घडलं ते तिनं पाहिलं होतं; पण आपण पाहिलं ते बरोबर की चूक, हे मात्र तिला सांगता आलं नसतं. चार दिवसांची नवखी ती. समोरच्या माणसाचं आयुष्य बंदुकीत गेलेलं.

उदाजीराव खाली वाकले. दस्ता खांद्याला लागला. आता माघार घेतली, तर बाकावरची माणसं हसणार होती. बोट चापावर गेलं.

आणि तिथंच अडलं.

मॅगझिन आधी काढलं होतं की नंतर?

त्यांनी आठवून पाहिलं. काहीच आठवेना. डाव्या हातानं खिसा दाबला. मॅगझिन खिशात होतं. पण ते खिशात गेलं कधी? बोल्टाच्या आधी? मागून? हात हे काम रोजच करत आले होते आणि ते लक्षात ठेवायची गरज कधी पडली नव्हती. आता डोकं पिंजून काढलं तरी तेवढा एकच क्षण सापडत नव्हता.

त्यांना भीती वाटली. आपण घाबरलो आहोत, हे कळल्यावर ती आणखी वाढली. कानशिलावरून घाम ओघळला. समोर, नळीच्या टोकाला, तो सुरकुतलेला हात होता. याच हातानं त्यांची पहिली गोळी भरून दिली होती.

"ओढ की, उदाजी," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. भाऊसाहेब हातात चहा धरून अर्धवट उठलेलेच होते.

चापावरचं बोट उदाजीरावांना काढताही येईना. काढताना धक्का लागला तर...?

"काका..."

पल्लवीनं खांब सोडला.

"काका, रिकामी आहे ना?"

उदाजीरावांनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, आजवर कितीदा दिलेलं. ते बाहेर आलं नाही.

"माहीत न्हाई," ते म्हणाले.

बाकावरून कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"उस्ताद, बाजूला व्हा," उदाजीराव पुटपुटले. "पाया पडतो तुमच्या. आधी बाजूला व्हा."

उस्तादांनी हात काढला आणि ते सावकाश रेघेच्या अलीकडं आले. ते पुरते मागं येईपर्यंत उदाजीरावांनी श्वास घेतला नाही. मग बोट अलगद चापावरून सोडवलं. नळी बांधाकडं होती, तरी त्यांनी ती पुन्हा एकदा नजरेनं तपासली. मग बोल्ट मागं ओढला.

पिवळंजर्द काडतूस बाहेर पडलं, ओट्यावर आपटलं आणि घरंगळत कडेवरून खाली गेलं.

 भाऊसाहेब मटकन बाकावर बसले. त्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडत होता आणि तो त्यांना भाजतही नव्हता.

उदाजीराव तिथंच ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसले.

मग वर पाहून त्यांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं होतं ना, उस्ताद? आधी बोल्ट वाजला, मग मॅगझिन निघालं... तुम्हाला ठाऊक होतं. हो की न्हाई?"

"तू रिकामी म्हणालास," उस्ताद म्हणाले.

उदाजीरावांनी दोन्ही हातांत तोंड झाकलं. खांदे गदगदू लागले. बाकावरच्या एकाही माणसाला त्यांच्याकडं पाहायचा धीर झाला नाही. पल्लवीनं माठातलं पाणी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी तांब्या उचलला, पण तो ओठांशी नेता येईना. पाणी अंगावर सांडलं.

"बघा हे हात," ते म्हणाले. "यांच्यात आता राम न्हाई. यांनी आज तुम्हाला... उद्या रायफल ठाण्यात जमा करून टाकतो. पुन्हा या माळावर पाऊल ठेवणार न्हाई."

उस्ताद त्यांच्याजवळ खाली बसले. चाचपडत त्यांनी उदाजीरावांचे दोन्ही हात शोधले आणि आपल्या हातांत घेतले. ते हात थरथरत होते, थांबत नव्हते. उस्तादांनी ते तसेच धरून ठेवले...

मग पल्लवीच्या दिशेनं मान वळवून ते उदाजीरावांना म्हणाले,

"हातांची ही थरथर थांबायच्या आत हिला शिकवायला लाग."