तीन गाठी आणि एक होडी

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात चांगुणा नावाची एक कोळीण राहायची. नवऱ्यामागे तिला काय उरलं होतं, तर एक झोपडी, एक जाळं आणि दोन माणसं बसली की भरून जाईल एवढीशी होडी. पहाटे त्या होडीतून ती मासे धरायची, ते बाजारात विकायची, तेव्हा संध्याकाळी चूल पेटायची. होडी गेली तर चूल विझणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या गावाची एक रीत होती. वादळाची चाहूल लागली की प्रत्येकाने आपली होडी धक्क्याच्या दगडाला अगदी भिडवून बांधायची आणि दोराला तीन गाठी मारायच्या. एक घराची, एक गावाची आणि एक देवाची. कुणाच्या तरी पणजोबाची होडी म्हणे दोर सुटून वाहून गेली होती, तेव्हापासूनची ही रीत. गाठी घट्ट बसल्या की लोक घरी जाऊन निवांत पेज प्यायचे. दर वादळानंतर चार-दोन होड्यांच्या फळ्या फुटलेल्या निघायच्या, पण फुटल्या तरी जागच्या जागी फुटल्या, यातच गावाला समाधान होतं.

चांगुणाची होडीही मागच्या वर्षी अशीच जागच्या जागी फुटली. दोन महिने ती दुसऱ्यांच्या दारात मासळी निवडत बसली, तेव्हा कुठे नवी फळी बसली. ती फळी ठोकून घेताना तिने मोडका भाग नीट निरखला आणि तिच्या लक्षात आलं, की होडी समुद्राने फोडलेलीच नाही. लाट तिला उचलत होती आणि आखूड दोर तिला पुन्हा त्याच दगडावर आणून आपटत होता. यापुढे होडी दगडाजवळ ठेवायची नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कार्तिकात एके सकाळी आभाळ तांबूस झालं आणि समुद्रावरचे पक्षी गावात येऊन बसले. सगळे दोर घेऊन धक्क्याकडे धावले. चांगुणा मात्र होडी वल्हवत काठापासून हाकेच्या अंतरावर गेली. तिथे तळाला चिकट गाळ होता. नवऱ्याचा जुना दगडी नांगर तिने त्या गाळात सोडला, पाणी जेवढं खोल होतं त्याच्या पाचपट लांब दोर दिला, तो होडीच्या पुढच्या टोकाला बांधला आणि ती पोहत परत आली.

धक्क्यावर हशा पिकला. होडी माशांना आंदण दिलीस का, असं एकाने विचारूनही घेतलं. तिचा धाकटा दीर मात्र हसला नाही, कारण ती त्याच्या भावाची होडी होती. निदान एक दोर तरी काठाला असू दे, रीत मोडू नकोस, अशी त्याने फार गळ घातली. चांगुणाचं मन जरा डळमळलं. ती पुन्हा पोहत गेली, होडीच्या मागच्या टोकाला दुसरा दोर बांधून तो काठावर घेऊन आली आणि खुंटाला तीन गाठी मारल्या.

दुपारी वादळ आलं. आधी वारा समोरून होता, तोवर होडी झोळीसारखी डोलत राहिली. मग वारा एकाएकी फिरला आणि बाजूने झोडपू लागला. होडीलाही त्याच्याबरोबर वळायचं होतं, पण काठाचा दोर तिला वळू देईना. ती वाऱ्याला आडवी पडली आणि लाटा कडेवरून आत यायला लागल्या.

"दोर ओढ, वहिनी. बुडतेय ती. आपण सगळे मिळून आत घेऊ," दीर म्हणाला. चार जण हात घालायला पुढेही आले.

 डोळ्यांदेखत बुडणारी वस्तू जवळ ओढून घ्यावी, असंच चांगुणालाही वाटत होतं. पण शेजारी धक्क्यावर होड्या दगडांवर आदळत होत्या, आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने त्या चौघांना मागे सारलं आणि ती खुंटाशी बसली. दोर क्षणभर ढिला पडायचा तेवढ्यातच गाठ हाताला लागायची. तिची दोन नखं तुटली, तेव्हा घराची गाठ सुटली. मग गावाची सुटली. देवाच्या गाठीवर तिची बोटं थांबली. तिने खुंटाला हात जोडले आणि तीही सोडली.

दोर सळसळत पाण्यात गेला. होडी गर्रकन फिरली आणि तिने वाऱ्याकडे तोंड केलं. पुढची लाट तिच्या पोटात शिरली नाही, खालून निघून गेली. त्यामागची लाटही तशीच गेली. आता चांगुणाच्या हातात काहीच उरलं नव्हतं, तरी वादळ सरेपर्यंत ती काठावरून हलली नाही.

संध्याकाळी वारा पडला. धक्क्याला बांधलेल्या अकरा होड्यांपैकी नऊ फुटल्या होत्या, त्यांत दिराचीही होती. चांगुणाची होडी अर्धी पाण्याने भरली होती, पण तिची एक फळीही हलली नव्हती. चांगुणा पोहत गेली, आतलं पाणी उपसलं आणि वल्हवत परत आली. होडी वाळूला लागली तेव्हा कुठे ती रडली.

दीर तिच्याजवळ येऊन उभा राहिला. 

"देवाची गाठ सोडताना भ्याली नाहीस?" त्याने विचारलं.

"भ्याले की. पण भावजी, देव काय नुसता काठावरच असतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक आपापल्या फळ्या गोळा करत होते. दिराने मात्र धक्क्याचा एक निखळलेला दगड ओढत घरी नेला. त्याचीच होडी ज्याच्यावर फुटली होती, तोच तो दगड. अंगणात बसून तो छिन्नीने त्याला मधोमध भोक पाडू लागला. नांगर करायचा होता त्याला.

तात्पर्य: जे जपायचं आहे ते करकचून बांधू नका; त्याचा नांगर पक्का करा आणि त्याला वाऱ्याकडे तोंड करता येईल एवढा दोर सोडा.