मेलेल्या राजाचा आवाज

फार फार पूर्वी सयाम देशातल्या बांबूच्या एका घनदाट अरण्यावर पांढऱ्या हत्तीचे राज्य होते. त्याच्या दरबारी एक डोंगरी मैना असे. मुलांनो, कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करावी तर तिनेच! एके दिवशी म्हातारा राजा गुहेत एकाएकी मरण पावला. ते पाहिले फक्त प्रधान कोल्ह्याने. त्याने गुहेच्या तोंडाशी चाफ्याच्या फुलांचा ढीग रचला आणि मैनेला आत नेले. "आजपासून तू राजाच्या आवाजात बोलायचं. कुठे वाच्यता केलीस, तर तुझी पिल्लं घरट्यात दिसायची नाहीत!"

बिचारी मैना! रोज सकाळी मेलेल्या राजाच्या थंडगार सुळ्यावर बसून ती कोल्हा सांगेल ते बोले आणि बाहेर सारे प्राणी माना खाली घालून ऐकत. "महाराजांचा आवाज अजून किती खणखणीत आहे हो!" माकडे म्हणत. चाफ्याच्या वासाखालून हळूहळू दुसराच वास येऊ लागला. पण विचारणार कोण? एकदा घरट्याशी येऊन मैनेने पिल्लांना हाक मारली, तर ती थरथरत एकमेकांना बिलगली. तिच्या चोचीतून राजाच हाक मारत होता.

नवव्या दिवशी कोल्हा कुजबुजला, "आज म्हण, युवराज राजद्रोही आहे, त्याला कड्यावरून लोटा. माझ्यामागे गादी प्रधानाची." बाहेर दाट धुक्यात युवराज एकटाच पुढे आला. "बाबा," तो कळवळून म्हणाला, "मला एकदा तरी भेटा ना! माझं काय चुकलं?" कोल्ह्याने दात विचकले. तिने डोळे घट्ट मिटले, आणि गुहेतून राजाचा धीरगंभीर आवाज घुमला, "बाळा, मला मरून नऊ दिवस झाले. आत ये आणि पाहा."

मग युवराजाने सोंडेने फुले बाजूला सारली. कोल्हा मागच्या फटीतून निसटू लागला, पण बाहेर जमलेल्या रानकुत्र्यांनी त्याला तिथेच गाठले.

बापाला माती देऊन युवराज गादीवर बसला. त्याने मैनेला विचारले, "नऊ दिवस गप्प का राहिलीस?"

"पिल्लांच्या जिवाची भीती वाटत होती, महाराज," ती हळूच म्हणाली. "पण शेवटी त्या आवाजाचीच भीती जास्त वाटू लागली."

तात्पर्य : भीतीपोटी दुसऱ्याच्या खोट्याला आपला आवाज दिला, की आपलाच आवाज आपल्याला परका होतो, म्हणून उशीर झाला तरी खरे बोलावेच.